जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारचे हरवलेले आणि झिजलेले भाग: इंदुरात बसून काय करता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रामबागेतल्या घराच्या माळ्यावरून काकांची इलेक्ट्रिक गिटार खाली काढलीत. सत्तरच्या दशकात ते ती गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, कधी मांडीवर आडवी घेऊन हवाईयन पद्धतीनंही. हेडस्टॉकवरचं, म्हणजे चाव्या असतात त्या टोकावरचं, नाव पुसलं गेलंय. नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, मागच्या पत्र्यावर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' आणि 'मेड इन जपान' एवढंच वाचता येतं. सोनेरी पत्र्याच्या तोंडाचे दोन पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारी कॉइलं) आहेत, त्यातला नेककडचा मुका आहे. तीनपैकी दोन नॉब नाहीत, ट्रेमोलोचा, म्हणजे सूर लववायचा, दांडा नाही, एका चावीचं प्लॅस्टिकचं बटण हातात चुरा होऊन आलं, पहिल्या चार-पाच फ्रेटना (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना) खाचा पडल्यात आणि तारा इतक्या उंच आहेत की बोटानं दाबवत नाहीत. दुकानदार म्हणतो, पिकअप, ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी), चाव्या सगळं नवं टाकू, बॉडी थोडी कोरावी लागेल. कोरू द्यावी का?

नाही, कोरू देऊ नका. तुमच्या यादीतलं एकही दुखणं असं नाही की ज्यासाठी लाकडाला हात लावावा लागेल, आणि बहुतेक कामं इंदुरातच होतात.

कोरायची वेळ का येते ते समजून घ्या. दुकानातला नवा संच जवळजवळ नेहमी फेंडर स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या अमेरिकी गिटारच्या मापाचा किंवा त्याच्या आशियाई प्रतीच्या मापाचा असतो. ही दोन मापंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या अमेरिकी स्ट्रॅटच्या ट्रेमोलोला पुढे सहा स्क्रू असतात आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचं अंतर सुमारे ५६ मि.मी. भरतं. आशियाई प्रतीत तेच ५२.५ किंवा ५४ असतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या जपानी कारखान्यांची मापं तर या दोन्हींपेक्षा वेगळी. एकच कारखाना पाच-सहा नावांनी माल पाठवायचा, त्यामुळे नाव पुसलेलं असलं तरी बिघडत नाही. नाव कळलं असतं तरी मापं घ्यावीच लागली असती.

दुसरं कारण पिकअपचं. टेइस्को ही जपानी कंपनी १९६७ मध्ये कावाईकडे गेली. तिचे असे सोनेरी पत्र्याचे पिकअप बरीच वर्षं स्वस्त माल म्हणून फेकले जात होते. मग राय कूडर या अमेरिकी स्लाइड वादकानं असा एक आपल्या स्ट्रॅटमध्ये बसवला, त्याचा तो भरदार, थोडा मऊ आवाज लोकांच्या कानात बसला, आणि आज नवे पिकअप बनवणारे त्याच्या प्रतिकृती विकतात. तुमच्याकडची जोडी त्याच जातीची दिसते. एक मुका असला तरी ती काढून त्या जागी साधा नवा पिकअप टाकण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

आता सुरुवात. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी फोटो काढा: समोरून, मागून, हेडस्टॉकच्या पाठीमागून, आणि कंट्रोलची पाटी उघडल्यावर आतल्या वायरिंगचे. काढलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत घाला आणि पुडीवर जागा लिहा. जपानी गिटारमध्ये एकाच पाटीवर दोन लांबींचे स्क्रू सापडतात. लांब स्क्रू आखूड छिद्रात पिळला की तो बॉडीच्या रंगाला खालून फुगवतो. डिजिटल व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) सियागंजात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, तो घ्या. याच्याशिवाय एकही भाग मागवू नका.

पहिला इलाज तारांच्या उंचीचा, कारण ती उतरल्याशिवाय फ्रेटचं खरं दुखणं कळणार नाही. काका हवाईयन वाजवायचे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मांडीवर घेऊन स्टीलच्या बारनं वाजवायचं तर तारा बोर्डापासून लांब हव्यात, म्हणून नटवर, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्यावर, एक धातूची पट्टी चढवत. नटवर, तारांच्या खाली, खाचांची लोखंडी किंवा पितळी टोपी बसलेली दिसते का पाहा. दिसली तर तारा सैल करून ती अलगद उचला. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच बसते. अर्धी तक्रार तिथेच मिटेल. पट्टी जपून ठेवा.

पट्टीखाली पाहताना आणखी एक गोष्ट तपासा. त्या काळच्या जपानी गिटारना बऱ्याचदा नटच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट असतो, त्याला झिरो फ्रेट म्हणतात. तो असेल तर नटचं काम फक्त तारा आपापल्या जागी धरण्याचं. उंची झिरो फ्रेट ठरवतो, आणि उघड्या तारेचा सगळा घासा त्यालाच बसत असल्यानं झिजतोही तोच आधी. अशा गिटारचा नट तुटला तरी घाबरायचं कारण नाही, हाडाचा तुकडा घासून घरीही बसवता येतो. तसं हाड सितार-तंबोऱ्याचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. मिरजेच्या कारागिरांकडे तर घोडीसाठी ते कायमच लागतं.

'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आत लोखंडी पट्टी आहे, पण ती पिळून नेक सरळ करायची सोय नाही. म्हणून नेकचा बाक आधी मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तीच तार बोटानं दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहा. ०.२ ते ०.३ मि.मी. असेल तर नेक ठणठणीत आहे. मिलिमीटरच्या आसपास गेली तर ते काम जाणकाराकडे सोपवा, कारण तिथे नेकला ऊब देऊन दाबात ठेवणं किंवा फ्रेट काढून बोर्ड सरळ करणं हेच उपाय उरतात. नेक सरळ असूनही तारा उंच राहिल्या, तर नेक जिथे बॉडीत बसते त्या खाचेत ब्रिजकडच्या टोकाला पातळ लाकडी पाचर ठेवून कोन बदलता येतो. अर्धा मिलिमीटर पाचरीनं ब्रिजपाशी चांगलाच फरक पडतो. पुठ्ठ्याचा तुकडा मात्र ठेवू नका, पावसाळ्यात तो दमट होऊन दबतो.

नेकचे स्क्रू परत पिळताना एखादा फिरत राहिला, पकडला गेला नाही, तर छिद्रात सागवानाची बारीक काडी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग बारीक ड्रिलनं नवं छिद्र करा. एम-सील किंवा अराल्डाइट तिथे भरू नका, पुढे ते काढताना लाकूडच निघून येतं.

आता ट्रेमोलोचा दांडा. इथे लोक सर्वांत जास्त नुकसान करून घेतात, म्हणून जरा थांबून सांगतो. दांडा ब्रिजच्या ठोकळ्यात आट्यांनी बसतो, आणि त्या आट्यांचं माप डोळ्यांनी ओळखता येत नाही. अमेरिकी स्ट्रॅटच्या जुन्या ठोकळ्यात १०-३२ हा आटा असतो: व्यास ४.८३ मि.मी., दोन आट्यांमधलं अंतर ०.७९४ मि.मी. मेट्रिक एम-५ चा व्यास ५ आणि अंतर ०.८. म्हणजे दोन्ही इतके जवळ आहेत की एम-५ चा दांडा अमेरिकी ठोकळ्यात शिरायला बघतो, दोनेक फेऱ्या जातो आणि मग घट्ट होतो. तिथे माणूस पकड लावून जोर करतो आणि आटे कापले जातात. तिसरा भिडू आपल्या बाजारातला. सियागंजात तुम्ही 'दीड सूत'चा स्क्रू मागितलात तर ३/१६ इंची व्हिटवर्थ (जुना ब्रिटिश आटा) मिळेल. त्याचा व्यासही जवळपास तेवढाच, ४.७६ मि.मी., पण इंचाला आटे २४, म्हणजे अंतर १.०६ मि.मी. तो तर पहिल्या फेरीतच आडवा जातो.

म्हणून असं करा. ठोकळ्याचं छिद्र कापसाची बारीक काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आधी साफ करा, आत जुना गंज आणि ग्रीस असतंच. मग एम-५ आणि एम-६ चे दोन कोरे मशीन स्क्रू घेऊन फक्त चिमटीनं फिरवून पाहा. पकड नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, चिमूट. जो चार-पाच फेऱ्या विनासायास जाईल तो तुमचा आटा. तुमची गिटार जपानी आहे, त्यामुळे मेट्रिक निघण्याचीच शक्यता जास्त. काही जपानी ब्रिजवर आटे नसून दांडा पट्टीवर एका बाजूच्या स्क्रूनं धरलेला असतो. तसं असेल तर फक्त दांड्याची जाडी मोजायची. माप कळलं की पोलोग्राउंडच्या एखाद्या खरादवाल्याकडून ६ मि.मी.च्या स्टेनलेस सळईला टोकाला आटे पाडून घ्या आणि बाक द्या. आटे आधी, बाक नंतर, कारण वाकडी सळई खरादवर धरता येत नाही. वाजवताना दांडा खडखडू नये म्हणून आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा पुरते.

ब्रिजवरचे सॅडलचे (एकेका तारेखालच्या टेकूंचे) बारीक एलन स्क्रू गंजून बसलेत का ते तुम्ही लिहिलं नाही, पण माळ्यावर राहिलेल्या गिटारचे ते बसलेलेच असतात. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब प्रत्येकावर टाका, एक दिवस थांबा, मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवून गरम करा आणि गरम असतानाच फिरवा. एलन की अचूक मापाची हवी. जपानी असेल तर बहुधा १.५ मि.मी. लागते. अमेरिकी फेंडरची ०.०५० इंच म्हणजे १.२७ मि.मी. असते. जवळपासची की घुसवून फिरवलीत तर षटकोनाचा गोल होतो आणि मग तो स्क्रू कापूनच काढावा लागतो.

नॉबचं काम सोपं, पण तिथेही आधी माप. पॉटचा दांडा, म्हणजे आपल्याकडे रेडिओवाले ज्याला कंट्रोल म्हणतात त्याचा, गुळगुळीत आहे की टोकाला दातेरी चिरलेला, ते पाहा. दातेरी असेल तर अमेरिकी पॉटला २४ दाते असतात आणि मेट्रिक पॉटला १८, एकाचा नॉब दुसऱ्यावर दाबून बसवला तर प्लॅस्टिक तडकतं. गुळगुळीत असेल तर ६ किंवा ६.३५ मि.मी. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे बाजूच्या स्क्रूनं घट्ट होणारे बेकलाइटचे सुंदर नॉब अजून डब्यात पडलेले असतात. तिसरा, उरलेला नॉब सोबत न्या, रंगरूपाला जवळचे शोधता येतील.

पॉट खरखरतात म्हणून लगेच बदलू नका. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारून दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक पॉट एवढ्यानं शांत होतात. बदलायची वेळ आलीच तर दोन बाहेरच्या पायांमधला रोध मोजून तेवढाच नवा घ्या. छापील अक्षरही पाहा: जपानी खुणेत ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, व्हॉल्यूमला ए बरा. महाराणी रोडवर मिळणाऱ्या पॉटची मान ७ मि.मी.ची असते आणि तुमच्या पाटीचं छिद्र बहुधा त्याच मापाचं आहे. कोणी महागडा अमेरिकी पॉट सुचवला तर त्याची मान ९.५ मि.मी. असते हे लक्षात ठेवा, तो बसवायचा तर छिद्र मोठं करावं लागतं. जॅक सैल झाला असेल तर त्याची पट्टी किंचित आत वाकवून पाहा, तरीही जमलं नाही तर नवा टाका. जॅक ही झिजायचीच वस्तू आहे.

मुका पिकअप. तो मेला असं ठरवण्याआधी त्याची सिग्नल नेणारी वायर पॉटवरून सोडवा आणि मल्टिमीटर २० किलोओमवर लावून थेट पिकअपच्या दोन टोकांवर मोजा. वायरिंगमध्येच मोजलंत तर पॉटचाही रोध त्यात मिसळतो, आणि व्हॉल्यूम शून्यावर असेल तर पिकअप शॉर्ट झाल्यासारखा दिसतो. मागचा, चालू असलेला पिकअपही मोजा. हीच तुमची तुलना. आणखी एक लक्षात असू द्या: तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओम दाखवणारं कॉइल मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना ६.४७ दाखवेल. दोन्ही पिकअप एकाच वेळी मोजा, म्हणजे घोळ होणार नाही.

आकडा आला तर कॉइल शाबूत आहे, दोष वायर, स्विच किंवा सोल्डरचा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार कुठेतरी तुटली आहे, आणि इथे धीर सोडू नका. केसाहून बारीक तार जिथे जाड वायरला सोल्डर केलेली असते, तिथे जुनं फ्लक्स आणि ओल मिळून हिरवा गंज चढतो आणि ती तिथेच तुटते. कव्हर मागे दुमडलेल्या पत्र्याच्या कानांनी धरलेलं असेल तर कान हळू उचला, ते वारंवार वाकवलेले सोसत नाहीत. भिंग घेऊन दोन्ही टोकं पाहा. बाहेरच्या वेढ्याचं टोक तुटलं असेल तर एक-दोन वेढे सोडवून, टोकावरचं इनॅमल खरवडून पुन्हा सोल्डर करता येतं. आवाजात फरक पडत नाही. आतलं टोक मुळाशी तुटलं असेल तर मात्र कॉइल नव्यानं गुंडाळावं लागेल.

गुंडाळायला वाइंडिंगवाल्याकडे गेलात तर हे वाक्य घोकून जा: तार नंबरनं मागायची नाही, मिलिमीटरनं मागायची. परदेशी माहितीत पिकअपची तार '४२ गेज' लिहिलेली असते, ते अमेरिकी गेज, जाडी ०.०६३ मि.मी. आपल्या बाजारात गेज म्हणजे ब्रिटिश एसडब्ल्यूजी. तिथली ४२ नंबरची तार ०.१०२ मि.मी. जाड असते. ती गुंडाळली तर बॉबिन (कॉइलचं रीळ) निम्म्या वेढ्यांतच भरतं आणि पिकअप कुजबुजतो. ०.०६३ ला आपल्याकडची सर्वांत जवळची म्हणजे एसडब्ल्यूजी ४६, ०.०६१ मि.मी. तुमच्या जुन्या कॉइलचा तुकडा मायक्रोमीटरनं मोजून, वर इनॅमलचा थर असतो हे धरून, माप ठरवा. सोडवताना कॉइल कोणत्या दिशेनं गुंडाळलं होतं ते बाणानं कागदावर लिहून ठेवा. दिशा उलटली आणि टोकंही जुन्या रंगांप्रमाणेच जोडली, तर दोन्ही पिकअप एकत्र लावताच आवाज पातळ आणि पोकळ होईल. नंतर मेणात बुडवायचं असेल तर पॅराफिनमध्ये पाचवा भाग मधमाशीचं मेण घाला आणि तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. जुनी प्लॅस्टिक बॉबिन त्याहून जास्त उष्णतेत वाकते.

चावीच्या बटणासाठी सगळा संच बदलायची गरज नाही. जुनं प्लॅस्टिक आकसून चुरा होतं हे त्या काळच्या सगळ्याच चाव्यांचं दुखणं, आत दातेरी चाक आणि मळसूत्र बहुधा धडधाकट असतं. बटणं सुटी मिळतात. चावीचा चपटा दांडा सोल्डरिंग आयर्ननं तापवायचा आणि नवं बटण त्यावर सरळ दाबायचं, प्लॅस्टिक किंचित वितळून दांड्याला धरतं. उरलेली पाचही आज ना उद्या चुरा होतील, म्हणून सहाच मागवा. चावीच बदलावी लागली तर छिद्र मोजा: जुन्या पद्धतीच्या चावीला सुमारे ८.८ मि.मी. लागतं, नव्या बंद चावीला १० मि.मी. दुकानदाराचं ड्रिल हेडस्टॉककडे वळतं ते याच फरकामुळे. गोटोह ही जपानी कंपनी जुन्या मापाच्या चाव्या आजही बनवते.

फ्रेट सगळे बदलू नका. खाचा फक्त पहिल्या चार-पाचांवर आहेत, तर आधी सर्व फ्रेट एका पातळीत घासून गोलाई परत देता येते का ते बघायचं. घासल्यावर उंची ०.७ मि.मी.च्या खाली जात असेल तर तेवढेच चार-पाच काढून त्याच रुंदी-उंचीची तार बसवायची. काढताना फ्रेट तापवून, धार सपाट घासलेल्या नीपरनं हळूहळू वर आणायचा. थंड फ्रेट उपटला तर खाचेच्या कडेची लाकडाची ढलपी उडते. हे काम आपल्याकडे दिवाळीनंतर करा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर टोचायला लागतात, ती तेव्हाच घासून सपाट केली की पावसाळ्यात बोर्ड फुगल्यावर आत गेलेली दिसतात.

सगळं परत जोडताना ब्रिजखालून कंट्रोलच्या पोकळीत जाणारी एक एकटी तार विसरू नका. ती ब्रिजला अर्थशी जोडते. ती सुटली की तारांना हात लावूनही घरघर कमी होत नाही, आणि लोक त्याचा दोष पिकअपला देतात. तारा ९-४२ च्या (जाडी हजारांश इंचात) हलक्या चढवा, न पिळता येणाऱ्या नेकला जास्त ताण नको.

ब्रिजच्या त्या अर्थच्या तारेमुळे शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. काकांचा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायरही घरात असेल आणि त्याला दोनच पिनांची वायर असेल, तर गिटार त्याला लावू नका. अशा अँप्लिफायरमध्ये चासिस (धातूचा सांगाडा) आणि २३० व्होल्टच्या लाइनमध्ये एक कपॅसिटर असू शकतो. तो फुटला तर वीज चासिसवरून, ब्रिजच्या त्या तारेवरून थेट वाजवणाऱ्याच्या हातात येते. आधी जाणकाराकडून तो कपॅसिटर काढून घ्या, तीन पिनांची वायर टाकून चासिस अर्थला जोडून घ्या, आणि घरातल्या त्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का ते टेस्टरवर न विसंबता इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. रामबागेतल्या जुन्या वाड्यांत तिसरं छिद्र पुष्कळदा नुसतं छिद्रच असतं. विजेच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतलात तर उत्तम. अँप्लिफायर स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. तोवर गिटार तपासायला तीन पिनांचा छोटा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर पुरेसा आहे.